पार्सलमावशी आणि सोपाऱ्याचं पेन

“आधी लिंबू ठेवा शेजारी.”

ओळखदेख नसलेल्या माणसाने ग्रुपवर एखादे जुने पेन विकायला काढले, की त्याखाली पहिला संदेश मावशींचा असे. नमस्कार नाही, किमतीची चौकशी नाही, पेनाचे कौतुक नाही. पेनाशेजारी लिंबू ठेवून फोटो काढायचा आणि दहा मिनिटांत टाकायचा, एवढेच. ज्याच्या घरी खरोखर पेन असे त्याला हे काम सोपे होते. ज्याने दुसऱ्या कुणाचा तरी फोटो उचलून आपला म्हणून टाकलेला असे, त्याच्या घरी लिंबू सापडले तरी पेन सापडत नसे.

ग्रुपचे नाव ‘शाईचे डाग’. लातूरचे एक प्राध्यापक, डोंबिवलीच्या दोन बहिणी, नाशिकचा एक दंतवैद्य, आणि असेच बरेच. सगळ्यांना शाईच्या पेनांचे वेड, आणि बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेले नाही. अशा एखाद्या ग्रुपात तुम्हीही असाल. पेनांच्या नसाल तर कॅमेऱ्यांच्या, नाण्यांच्या, माशांच्या टाक्यांच्या. तिथे काय होते ते तुम्ही पाहिले असेल. जो माणूस आपल्यासारखाच निबाच्या टोकाबद्दल अर्धा तास बोलू शकतो, तो लबाड कसा असेल, असे वाटते. मावशींना तसे वाटत नसे.

त्या नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, गासमध्ये राहत. घरामागे भाताची खाचरे, पुढे जांभाचे झाड. मीही ग्रुपातलाच, तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर, एका सोसायटीत. मावशींनी सगळी नोकरी टपाल खात्यात पार्सलच्या खिडकीवर केली आणि त्याच खिडकीवरून निवृत्त झाल्या. म्हणून ग्रुपवर त्या पार्सलमावशी. वयाने त्यांच्याहून मोठे असलेले लातूरचे प्राध्यापकही त्यांना मावशीच म्हणत.

नोकरीने त्यांचे कान तयार केले होते. त्यांना न विचारता मी एकदा एका अनोळखी विक्रेत्याकडून पेन मागवले. डबा आला, तसाच घेऊन गासला गेलो. फुशारकी मारायची होती. मावशींनी डबा कानाशी धरून एकदा हलवला.

“पेन गुटगुटीत आहे तुझं.”

“म्हणजे?”

“म्हणजे साबण आहे.”

मी कात्री उचलली, तर त्यांनी मनगट धरले. “आधी व्हिडिओ, मग कात्री. सील दिसू दे, पत्ता दिसू दे, मग काप. नाहीतर उद्या तो म्हणेल, पेन पाठवलं होतं, साबण तुम्हीच घातलात.”

आत साबण होता. चंदनाच्या वासाचा. मी कपाळाला हात लावला.

“आता साबण आहेच,” मावशी म्हणाल्या, “तर त्याच्या नावानं आंघोळ कर.”

लिंबाची युक्ती फार दिवस गुप्त राहिली नाही. एकाने पेनाच्या फोटोवर लिंबू चिकटवून पाठवले. ग्रुपवर चार जणांनी “वा, सुंदर” लिहिलेसुद्धा. मावशींनी फोटो मोठा करून पाहिला आणि लिहिले, “पेनाची सावली डावीकडे, लिंबाची उजवीकडे. यांच्या घरी दोन सूर्य आहेत. जपून.” त्या दिवसापासून त्यांनी वस्तू बदलत ठेवली. कधी उपडी वाटी, कधी कोथिंबिरीची काडी, कधी अर्धा कापलेला कांदा. म्हणायची पद्धत मात्र तीच राहिली. ग्रुपवर ‘लिंबू लागलं’ म्हणजे विक्रेता खरा निघाला, असा शब्दप्रयोगच पडला.

मी वर्तमानपत्रात काम करतो. धंद्याच्या अभिमानाने मी सुचवले, “मावशी, त्यापेक्षा आजचा पेपर ठेवायला सांगा. तारीख असते वर.”

“पेपराचं पान फोनवर मिळतं. लिंबू बाजारातून आणावं लागतं.” थोडे थांबून त्या म्हणाल्या, “आणि पेपर घेतं कोण आता?”

माझ्या पोटापाण्याविषयी इतके थेट माझ्या घरचेही बोलत नाहीत.

खऱ्या माणसांना कधीकधी राग येई. पुण्याच्या एका निवृत्त अधिकाऱ्यांनी लिहिले, “माझ्यावर अविश्वास? मी आयुष्यात कुणाला फसवलेले नाही.” मावशींचे उत्तर मी जपून ठेवले आहे: “तुमच्यावर नाही हो साहेब, फोटोवर. तुम्हाला मी ओळखत नाही. फोटो मात्र आजवर पुष्कळ ओळखले.” साहेबांनी कांद्यासकट फोटो पाठवला. पुढे ते मावशींचे सगळ्यात मोठे समर्थक झाले आणि नव्या माणसांकडे आपणहून गाजर, मुळा मागू लागले.

घाई करणाऱ्याशी मावशी फार गोड बोलत. “दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, पाच मिनिटांत पैसे पाठवा,” असे कुणी लिहिले, की त्यांचे ठरलेले उत्तर असे: “मग त्यालाच द्या. त्याचं भलं होवो.” डोंबिवलीची धाकटी बहीण एकदा आपले पेन विकत होती. घेणारा म्हणाला, पैसे पाठवतो, फक्त हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका. तिने मावशींना फोन लावला. मावशी म्हणाल्या, “पैसे घरात यायला आपल्याला दार उघडावं लागत नाही, बाळा. जो दार उघड म्हणतो, तो न्यायला आलेला असतो.” बहिणीने हे वाक्य कागदावर लिहून फ्रिजवर लावले. तो फोटोही ग्रुपवर आला. खाली कुणीतरी लिहिले, शेजारी लिंबू कुठे आहे?

एवढे सगळे करणाऱ्या या बाईंना स्वतःला काय हवे होते, हे ग्रुपवर सगळ्यांना माहीत होते. ‘हवंय’ या यादीत त्यांची एकच ओळ होती, आणि ती कधी बदलली नाही: सोपाऱ्याच्या कारखान्यातले, काळ्या-तपकिरी एबोनाइटचे पेन.

एबोनाइट म्हणजे कडक केलेले रबर. सोपाऱ्यात पूर्वी एका पत्र्याच्या शेडमध्ये त्याची पेने होत. मावशींचे वडील पावसाळाभर भातशेती करत आणि उरलेले वर्ष त्या शेडमध्ये लेथवर पेने कातत. कारखाना कधीच बंद पडला. वडीलही गेले.

“घरात एक तरी ठेवलं असेल ना त्यांनी?” मी विचारले होते.

“पेनं मालकाची. बाबांचा फक्त हात.” मावशींनी चहाचा कप खाली ठेवला. “मला देणार म्हणायचे. तू मोठी झालीस की तुझ्यासाठी एक वेगळं करतो. मी मोठी होईपर्यंत शेडला कुलूप लागलं. पार्सलच्या खिडकीवर बसले तेव्हा रोज बघायचे, कुणाच्या खिशाला दिसतं का. एकदाही नाही दिसलं.”

त्याच दुपारी त्यांनी मला खूण सांगितली. टोपणाच्या आतल्या कडेला वडील हत्याराच्या टोकाने दोन बारीक रेघा मारत. पेन परत आले तर कुणाच्या हातचे ते कळावे म्हणून. ही गोष्ट त्यांनी ग्रुपवर कधी लिहिली नव्हती.

“हवं ते सगळं सांगू नये. एक खूण पोटात ठेवावी,” त्या म्हणाल्या. “सगळं सांगितलंस, की जे तुला बघायचंय तेच समोरचा दाखवतो.”

मी ऐकले, मान हलवली, आणि आठवड्याभरात रविवारच्या पुरवणीत त्यांच्यावर लेख लिहिला. फसवणूक टाळणाऱ्या बाई, लिंबू, वडिलांचे पेन. लेख चांगला जमला होता. संपादकांनी विचारले, “खूण म्हणजे काय खूण? नेमकं लिही.” माझे सगळे शिक्षण नेमके लिहिण्याचे. मी नेमके लिहिले: टोपणाच्या आतल्या कडेला दोन बारीक रेघा.

रविवारी सकाळी फोन आला. मावशी एरवी माझ्याशी कचेरीतली मराठी बोलत. त्या दिवशी घरातली बोलल्या.

“लिवलास बरा. पन आता मना सांग, खरा कोनता आनि खोटा कोनता, ता मी कसा वलखू?”

मी काही बोलायच्या आत फोन ठेवला गेला.

पुढच्या आठ दिवसांत सोपाऱ्याची पेने जिकडेतिकडे उगवली. ग्रुपवर नवे सभासद आले, मावशींच्या नंबरावर परस्पर संदेश आले. प्रत्येकाकडे काळे-तपकिरी पेन, प्रत्येकाच्या आजोबांचे, आणि प्रत्येकाच्या टोपणात दोन रेघा. एकाने तर तिसरी रेघही मारली होती. फोटोत लिंबेही होती, कारण लेखात लिंबूही होते. स्वस्त पेन घेऊन त्यावर सुईने रेघा ओढायला कितीसा वेळ लागतो? वर्षानुवर्षे त्या जे शोधत होत्या, ते कधी समोर आले तरी ओळखायची वाट मी बुजवून टाकली होती.

नवव्या दिवशी मी गासला गेलो. माफी मागायची होती. मावशी ओटीवर फोन घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मला बस म्हटले नाही, जा असेही म्हटले नाही. मी बसलो.

“हा बघ, कामण गावचा,” त्या स्वतःशी बोलावे तशा बोलल्या. “म्हणतो, गोदामांच्या मागे या, पैसे घेऊन एकट्या या. एकट्या! लग्न लावतोय की काय? मी म्हटलं, पोलीस चौकीसमोर चहा घेऊ. तेव्हापासून त्याला चहा आवडेनासा झालाय.”

मी हसलो. त्याही हसल्या, पण लगेच आवरले.

तेवढ्यात आणखी एकाचा फोन आला. मावशींनी त्याला रेघांचे विचारले नाही, लिंबाचे विचारले नाही. एवढेच म्हणाल्या, “टोपण किती फेऱ्यांत बसतं हो?” पलीकडचा अडखळला. “नॉर्मल आहे मॅडम. तीनएक.” मावशींनी धन्यवाद म्हणून नंबर ब्लॉक केला.

“फेऱ्यांचं काय?” मी विचारले.

“सगळ्यांना हेच विचारते सध्या.”

“पण का?”

“तुला सांगितलं तर रविवारी छापून येईल.”

तेव्हा माझ्या लक्षात आले. त्यांनी मला एक खूण सांगितली होती. सगळ्या सांगितल्या नव्हत्या.

त्यानंतर दोनएक आठवड्यांनी कचेरीत माझ्या नावाने पोस्टकार्ड आले. चांदीप गावाहून. लिहिणारे एक निवृत्त शिक्षक. अक्षर थरथरते, पण ओळी सरळ. मजकूर असा: “आपल्या लेखातील वर्णनाचे पेन मजजवळ आहे. विकावयाचे नाही. परंतु बाईंना पाहावयाचे असल्यास अवश्य यावे.” खाली नातवाचा फोन नंबर.

कार्ड घेऊन मी सरळ गास गाठले. मावशींनी आधी मजकूर वाचला नाही, टपालाचा शिक्का पाहिला. “शिक्का बरोबर आहे.” मग मजकूर दोनदा वाचला. “विकायचं नाही म्हणतो. हा पहिलाच.” आणि त्यांनी नंबर लावला. फोन नातवाने उचलून गुरुजींकडे दिला.

“गुरुजी, मी गासहून बोलते. तुमच्या पेनाचं टोपण किती फेऱ्यांत बसतं?”

“बाई, आधी नमस्कार तरी करा,” पलीकडून हसू आले. “थांबा, हातातच आहे.” पलीकडे टोपण फिरवल्याचा आवाज. “फेरी कसली? पूर्ण फेरी होतच नाही. पाऊण फिरवलं की बसलं. दुसऱ्या कुठल्या पेनाचं असं पाहिलं नाही मी.”

मावशींनी फोन माझ्या हातात दिला. पुढचे बोलणे, कधी येतो, कुठे उतरायचे, मलाच करावे लागले. फोन ठेवला तेव्हा त्या जांभाच्या झाडाकडे पाहत होत्या.

“जरा पानी दे रं मना,” त्या म्हणाल्या.

विरार पूर्वेहून आम्ही बसने चांदीपला गेलो. मावशींच्या पिशवीत भिंग, मऊ फडके, शाईची दौत आणि औषधे भरायची एक छोटी पिचकारी होती. पैसेही घेतले होते. विकायचे नाही असे लिहिले असले तरी, माणसाचे मन बदलते, असे त्या म्हणाल्या.

गुरुजींच्या ओट्यावर तीन माणसे बसली होती. आधी वाटले घरचीच असतील. ती अर्ज लिहून घ्यायला आलेली होती. विजेचे मीटर, वारसाची नोंद, नातीचा शाळेतला दाखला. गावात लिहिता येणारे आता पुष्कळ आहेत, पण कचेरीत द्यायचा कागद गुरुजींच्या हातचा असावा, अशी तिथली समजूत. एका म्हातारीचा अर्ज निम्मा झाला होता. गुरुजींनी तो तसाच ठेवला आणि पेन मावशींच्या हातात दिले.

मावशींनी टोपण फिरवले. उघडले. लावले. पुन्हा उघडले. भिंगातून आत पाहिले. दोन रेघा होत्या, झिजलेल्या, एक तर असून नसल्यासारखी. पण त्यांनी रेघांकडे फार वेळ पाहिले नाही. त्यांनी पुन्हा टोपण लावले. खट्.

“हे असं का केलंय, ठाऊक आहे?” त्या गुरुजींना म्हणाल्या. “बाबा म्हणायचे, कारकुनापुढं माणसं उभी असतात. पेन उघडायला तीन फेऱ्या लागल्या तर कारकून वैतागतो, आणि वैताग समोरच्यावर काढतो. म्हणून त्यांनी आटे असे पाडले. मालक ओरडायचा, याला वेळ लागतो म्हणून.”

“ते कारकून होते?”

“नाही हो. अंगठा करायचे. पेन कसं धरतात ते त्यांनी कचेरीच्या दारात उभं राहून बघितलं. सुट्टीच्या दिवशी मुद्दाम जायचे. शिपाई हाकलायचा, तरी उभे राहायचे.”

गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

“बाई,” ते म्हणाले, “मी विकायचं नाही असं लिहिलं होतं. विकत नाहीच. घेऊन जा. तुमचं आहे.”

मावशींची मूठ पेनाभोवती मिटली. मी बातमीदार आहे, माणसांचे चेहरे पाहणे माझे काम. त्या वेळी मात्र मी अंगणात पाहिले.

“गुरुजी,” म्हातारी म्हणाली, “माजा अर्ज?”

मावशींनी कागदाकडे पाहिले. वाक्य मध्येच थांबले होते.

“दुसरं पेन नाही का?”

“बॉलपेनं आहेत चार. त्याला दाबावं लागतं. माझा हात असा.” गुरुजींनी हात पुढे केला. तो थरथरत होता. “याला दाबावं लागत नाही. नुसतं टेकवलं की चालतं.”

मावशींनी पिशवीतून फडके काढून मांडीवर पसरले. पेन खोलले. वाटीभर पाणी मागवले, पिचकारीने आतून धुतले, फुंकर मारली, निब सरळ आहे का ते उजेडात पाहिले. दौत उघडून शाई भरली. पाऊण फेरीत टोपण लावले आणि पेन गुरुजींपुढे धरले.

“चालतंय ना? मग चालू दे.”

“माझ्यामागं ते तुम्हालाच,” गुरुजी म्हणाले. “शब्द दिला.”

“लिहून द्या.”

ओट्यावर हशा पिकला. मावशी हसत नव्हत्या. गुरुजींनी मुकाट्याने कागद घेतला आणि लिहून दिले. मावशींनी वाचून तो परत केला. “तारीख राहिली.” गुरुजींनी तारीख घातली. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेल्या माणसाची वही कुणीतरी तपासत होते, आणि त्यांना ते आवडलेले दिसले.

“तुझ्या लेखानं चोर आनले, आनि गुरुजी पन आनले,” मावशी मला हळूच म्हणाल्या. “म्हनून माफ.”

त्या रात्री ग्रुपवर ‘हवंय’च्या यादीत त्यांनी आपल्या ओळीपुढे ‘मिळालं’ असे लिहिले आणि त्या ग्रुपमधून बाहेर पडल्या. कारण दिले नाही. पुण्याचे साहेब चार दिवस अस्वस्थ होते. आता तिथे कुणी पेन विकायला काढले, की पाच-सहा जण एकदम काहीबाही मागतात. परवा एकाने भोपळा मागितला. अवघड प्रकरण असले की कुणीतरी मला फोन करतो, मी गासला करतो. कधी उत्तर मिळते, कधी मावशी चांदीपला गेलेल्या असतात. शाई भरायला.

पण चांदीपच्या त्या पहिल्या दिवसाचे एक सांगायचे राहिले. काम झाले होते. परतीची चारची बस पकडायची, असे आमचे ठरले होते. मी चपला घातल्या. गुरुजींनी एका झटक्यात टोपण काढले, अर्ज पुढे ओढला आणि म्हातारीला म्हणाले, “हं, सांगा. कुठपर्यंत आलो होतो?” म्हातारी सांगू लागली. थरथरता हात कागदावर टेकला आणि सरळ चालू लागला. मावशी ओट्याच्या कडेला, अर्जासाठी आलेल्यांच्या रांगेत शेवटी जाऊन बसल्या, आणि त्या हाताकडे पाहत राहिल्या. रस्त्यावर बस आली, थांबली, भोंगा वाजवून निघून गेली. मावशींनी मान वर केली नाही.